चष्मा विसरलेल्या बाई

पटावरच्या खेळात १९०२ सालचा शरद, आणि मुलुंड पूर्वेतल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दुपारचे साडेबारा. बाहेर जुलैचा पाऊस कोसळतोय आणि आत दोन टेबलं जोडून त्यांच्यावर पहिल्या महायुद्धाआधीचा युरोप पसरलाय. सात देशांच्या सात चिठ्ठ्या मी स्टीलच्या डब्यातून काढून एकेक मोठ्याने वाचत होते. तुर्कस्तानची चिठ्ठी उलगडली आणि क्षणभर अडखळले. मग आवाज सपाट ठेवून वाचलं, "सर्बियातील सैन्य. रुमानियातून बुडापेस्टवर जाणाऱ्या सैन्यास पाठिंबा."

रशिया खुर्चीतून उठलाच. "रुमानिया नाही हो बाई, गॅलिशिया! आपलं गॅलिशियातून जायचं ठरलं होतं."

"अरे देवा," तुर्कस्तान म्हणाला, म्हणजे म्हणाल्या. "चष्मा घरी राहिला रे माझा. मघापासून अंदाजानेच लिहितेय."

रशियाचा हल्ला फुकट गेला, ऑस्ट्रिया वाचला. सगळे हळहळले, चहा फिरला. दोन मिनिटांनी रशियानेच "जाऊ द्या बाई, होतं असं" म्हणून विषय मिटवला. चिठ्ठीवर नेमकं काय होतं हे पुढचे सहा तास बाईंना आणि मलाच ठाऊक होतं. हे प्रकरण त्या चिठ्ठीचं.

खेळाचं नाव डिप्लोमसी. त्या दिवशीची मंडळी अशी: रशिया म्हणजे आमच्याच इमारतीतले एक वकील, चाळिशीचे, पुनर्विकासाचे करारनामे करण्यात आयुष्य चाललंय. तुर्कस्तान म्हणजे मराठीच्या निवृत्त शिक्षिका. त्यांना अख्खी सोसायटी 'बाई' म्हणते, आणि वकिलांना तर त्या आठवीत खरोखरच शिकवायला होत्या. ऑस्ट्रिया माझा भाचा, इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. इटली त्याची मैत्रीण. ती डोंबिवलीहून निघाली आणि मेगाब्लॉकमध्ये अडकल्यामुळे डाव अर्धा तास उशिरा सुरू झाला. फ्रान्स बँकेतून निवृत्त झालेले एक काका. इंग्लंड आणि जर्मनी बी विंगमधलं नवरा-बायकोचं जोडपं. हे दोघं एकत्रच खेळणार असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. वहिनींनी दुसऱ्याच वर्षी नवऱ्याचं हॉलंड घेतलं आणि तो विषय तिथेच संपला. मी खेळत नव्हते. चिठ्ठ्या गोळा करून निकाल देणं हे माझं काम.

बाईंनी सुरुवातीलाच जाहीर केलं होतं की हुकूम मराठीतच लिहिणार. बाकीचे इंग्रजी आद्याक्षरं आणि बाण काढून मोकळे होत होते. बाईंच्या चिठ्ठ्या मात्र पूर्ण वाक्यात, शेवटी पूर्णविराम देऊन.

खेळ कधी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. पटावर ७५ प्रदेश, त्यातली ३४ पुरवठा केंद्रं. ज्याच्याकडे जितकी केंद्रं तितक्याच त्याच्या तुकड्या, मग त्या जमिनीवरचं सैन्य असोत की आरमार. १८ केंद्रं हाती आली की जिंकलात. रशिया चार तुकड्यांनी सुरू करतो, बाकी सहा देश प्रत्येकी तिनांनी. वर्षात दोन चाली, वसंत आणि शरद. शरदानंतर केंद्रं मोजायची आणि हिवाळ्यात त्या हिशेबाने नवी तुकडी उभी करायची किंवा असलेली मोडायची. फासे नाहीत, पत्ते नाहीत. कोणाच्या वाट्याला कोणता देश येतो तेवढंच काय ते नशीब. प्रत्येक चालीआधी बोलणी. नियमपुस्तकाप्रमाणे पहिल्या चालीआधी अर्धा तास, पुढे पाव तास. मग सातही जण आपले हुकूम गुपचूप लिहितात आणि ते एकाच वेळी उघडले जातात.

हुकूम चारच प्रकारचे. थांबा, चला, पाठिंबा द्या, आणि आरमारातून सैन्य समुद्रापार न्या. यातला पाठिंबा हा या खेळाचा प्राण. प्रत्येक तुकडीची ताकद एकच. एक विरुद्ध एक झालं की कोणीच हलत नाही, याला आमच्याकडे 'बाउन्स' म्हणतात. शेजारच्या तुकडीने पाठिंबा दिला की हल्ल्याची ताकद दोन होते, अजून एकीने दिला तर तीन. आणि पाठिंबा दुसऱ्या देशाच्या तुकडीलाही देता येतो. तीन तुकड्या घेऊन एकटा माणूस कुठेच पोचत नाही, म्हणून त्याला उठून कोणाकडे तरी जावंच लागतं. बोलणी कशी करायची हे नियम सांगत नाहीत. दिलेला शब्द बंधनकारक नाही, एवढंच. मेंडीकोटमध्ये भिडू ठरलेला असतो आणि त्याला खुणा केल्या तर भांडण होतं. इथे भिडू दर पंधरा मिनिटांनी बदलू शकतो, आणि खुणा हाच खेळ.

ही कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली तो अ‍ॅलन कॅलहॅमर १९३१ साली अमेरिकेत इलिनॉय राज्यात जन्मला. लहानपणी घराच्या माळ्यावर त्याला भूगोलाचं एक जुनं पुस्तक सापडलं. त्यातल्या नकाशात ऑस्ट्रिया-हंगेरी होतं, ऑटोमन साम्राज्य होतं, तोपर्यंत पुसले गेलेले देश होते. माळ्यावरच्या ट्रंकेतून जुनी पुस्तकं काढून वाचत बसलेल्यांना हे वेगळं समजवायला नको. पुढे हार्वर्डमध्ये तो सिडनी फे या इतिहासकाराच्या वर्गात बसला. महायुद्धाची कारणं शोधणारा फे यांचा ग्रंथ १९२८ साली आला होता. युद्धाचं खापर एकट्या जर्मनीवर फोडता येत नाही, गुप्त करारांच्या जाळ्यात सगळेच ओढले गेले, असं त्यांचं म्हणणं होतं. कॅलहॅमरने ते जाळंच पटावर आणलं. पदवीनंतर तो काही काळ लॉ स्कूलमध्ये होता, पण रमला नाही, आणि १९५४ मध्ये खेळाचा पहिला आराखडा तयार झाला.

दोन बैठ्या खेळांची सावली या रचनेवर आहे. एक बुद्धिबळ, ज्यात नशिबाला जागा नाही. दुसरा हार्ट्स हा पत्त्यांचा खेळ, आपल्याकडच्या काळ्या राणीचा सख्खा भाऊ. त्यात पुढे गेलेल्याला बाकीच्यांनी मिळून रोखायचं असतं, पण तसं ठरवायला तोंड उघडायची सोय नसते. कॅलहॅमरने बुद्धिबळाचा पट सात जणांत वाटला आणि सगळ्यांची तोंडं उघडी ठेवली.

प्रकाशकांनी हा खेळ नाकारला. आजच्या कोणत्याही प्रकाशकाला मी दोष देणार नाही. बरोब्बर सात माणसं लागणारा, सहा-आठ तास चालणारा आणि शेवटी निम्म्या मंडळींचा अबोला घडवणारा खेळ कोण छापेल? १९५९ मध्ये कॅलहॅमरने पदरच्या पैशांनी ५०० प्रती काढल्या. त्या खपल्या, १९६१ मध्ये बोस्टनच्या गेम्स रिसर्च कंपनीने खेळ घेतला, १९७६ मध्ये तो अ‍ॅव्हलॉन हिलकडे गेला, आणि १९९८ मध्ये ती कंपनीच हॅस्ब्रोने विकत घेतली. पेटीवरचं नाव बदलत गेलं, पण आत सात देश, चौतीस केंद्रं आणि पाठिंब्याचा नियम तोच राहिला.

आता मुलुंडला परत येऊ, कारण चिठ्ठी समजायची तर पट समजायला हवा.

रशिया आणि तुर्कस्तान सुरुवातीपासून एकत्र होते. या युतीला जगभरच्या खेळाडूंमध्ये नाव आहे, जगरनॉट. हा शब्द इंग्रजीत गेला तो पुरीच्या जगन्नाथाच्या रथावरून. पूर्वेच्या कोपऱ्यातून दोघं हातात हात घालून निघाले की वाटेत येईल ते चिरडलं जातं, असा त्याचा लौकिक. या युतीत नाजूक जागा एकच, काळा समुद्र. तो दोघांच्या मध्ये आहे, आणि ज्याचं आरमार तिथे जाऊन बसेल त्याचा हात दुसऱ्याच्या गळ्याशी. वकिलांनी आणि बाईंनी ठरवलं की तो रिकामा ठेवायचा. वकिलांनी रुमानिया घेण्यापुरतं आपलं आरमार तिथे नेलं, आणि शब्दाप्रमाणे पुन्हा सेव्हस्तोपोलला परत आणलं. खऱ्या इतिहासातही हे घडलंय. १८५६ च्या पॅरिसच्या तहाने काळ्या समुद्रात युद्धनौका ठेवायला रशिया आणि तुर्कस्तान दोघांनाही मनाई केली होती. रशियाने ते कलम १८७० मध्ये झुगारलं. आमच्या खेळात ते दोन वर्षंही टिकलं नाही, आणि मोडणारा रशिया नव्हता.

१९०२ च्या वसंतात रशियाच्या मदतीने बाईंनी सर्बिया घेतला. शरदात रशियाची पाळी होती, लक्ष्य बुडापेस्ट. तिथे ऑस्ट्रियाचं सैन्य, आणि त्याला व्हिएन्नातून पाठिंबा, म्हणजे बचावाची ताकद दोन. ट्रिएस्टेतूनही भाचा पाठिंबा देणार होता, पण इटलीने व्हेनिसहून ट्रिएस्टेवर धडक मारून तो तोडायचं कबूल केलं होतं आणि तसं केलंही. (ज्याच्यावर हल्ला होतो त्याचा पाठिंबा बाद होतो, हाही एक सुंदर नियम आहे. कमजोर माणूससुद्धा मधे कडमडून मोठ्यांचे बेत बिघडवू शकतो.) रशियाचं सैन्य गॅलिशियातून निघणार, रुमानियातलं दुसरं सैन्य पाठिंबा देणार, म्हणजे हल्ल्याची ताकदही दोन. दोनास दोन, बाउन्स. तिसरं बळ फक्त सर्बियातून येऊ शकत होतं, बाईंकडून. बाईंनी गॅलिशियाऐवजी रुमानिया लिहिलं. रुमानियातलं सैन्य तर कुठे जातच नव्हतं, ते स्वतःच पाठिंबा देत बसलं होतं. न चालणाऱ्याला दिलेला पाठिंबा वाया गेला.

नियमपुस्तकात यासाठी एक वाक्य आहे. वाईट लिहिलेल्या हुकमाचा जर एकच अर्थ निघत असेल तर तो पाळलाच पाहिजे. बाईंच्या हुकमाचा अर्थ एकच होता आणि स्पष्ट होता. गॅलिशिया म्हणायचं असणार, असा माझ्या मनाने अर्थ लावायला जागा नव्हती.

आता चिठ्ठी. वहीच्या रेघी कागदाचा चतकोर, निळी शाई. 'सर्बियातील सैन्य' इथपर्यंत सरळ. त्यापुढे 'गॅलिशियातून' असा शब्द पूर्ण लिहिलेला, आणि एकाच आडव्या रेघेने नीट खोडलेला. त्याच्याखाली काकपद, म्हणजे मधे शब्द घालायची खूण. वर, दोन ओळींच्या मधल्या जागेत, बारीक पण टपोऱ्या अक्षरात 'रुमानियातून'. काकपदाचं टोक बरोबर दोन शब्दांच्या मधल्या फटीत. चष्मा नसलेल्या माणसाला ते साधत नाही.

तर बाईंनी आधी शब्द पाळला होता आणि मग बदलला होता. मधल्या वेळात काय झालं हे मी नंतर दोन्ही बाजूंकडून वेगवेगळं ऐकून जुळवलंय.

पावणेबाराला वकील बाईंना खाली पार्किंगमध्ये, पाण्याच्या पंपाशेजारी घेऊन गेले. पेशवाईत दरबारादरबारात बसणाऱ्या राजदूतांना वकील म्हणत, आणि आमच्या वकिलांना ही गोष्ट फार आवडते. त्यांनी सगळा बेत समजावला. बाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि मला काय मिळणार?"

"पुढच्या वर्षी ग्रीस तुमचा, बाई."

"ग्रीस काय तुझ्या खिशात आहे?"

वकील हसले. हे हसणं त्यांना महागात पडलं असं मला वाटतं. ग्रीसमध्ये ऑस्ट्रियाचं आरमार होतं. वकील जे देऊ करत होते ते त्यांचं नव्हतंच. पुनर्विकासात अजून न मिळालेल्या एफएसआयवर चार मजले विकणारे बिल्डर असतात, त्यातला प्रकार. तरी बाई हो म्हणाल्या आणि वर येऊन त्यांनी चिठ्ठीवर गॅलिशिया लिहिलं.

चिठ्ठी डब्यात टाकायला पाचेक मिनिटं असताना भाच्याने त्यांना जिन्यात गाठलं. याच्याकडे गमावण्यासारखं काही उरलं नव्हतं, त्यामुळे तो थेट बोलला. "बाई, तुम्ही आत्ता मला मारलंत तर बुडापेस्ट त्यांचं. ते सात होतील, तुम्ही पाच. मग पुढचा नंबर कोणाचा? तुम्ही फक्त पाठिंबा देऊ नका. मी वसंतात ग्रीसमधून निघून जातो, तुमचं आरमार आत घाला."

दोघांनीही ग्रीसच देऊ केला होता. फरक एवढाच की भाच्याकडे तो खरंच होता.

सात-पाचचा हिशेबही खरा होता. रशियाकडे घरची चार केंद्रं, शिवाय स्वीडन आणि रुमानिया. बुडापेस्ट धरून सात. तुर्कस्तानकडे घरची तीन, बल्गेरिया आणि सर्बिया. जगरनॉट युतीचा जुना आजार हाच आहे. रशियाला उत्तरेलाही दार आहे, दक्षिणेलाही. तुर्कस्तान कोपऱ्यात. दोघं बरोबरीने वाढले तरच युती टिकते, आणि वकिलांनी बरोबरीचं काही देऊच केलं नाही. या डावात दगा बाईंनी केला, पण त्याची मशागत रशियाची. वकिलांना हे अजून पटलेलं नाही.

एक प्रश्न मात्र उरतो. मन बदललं होतं तर बाईंनी सरळ 'थांबा' असा हुकूम का लिहिला नाही? परिणाम तोच झाला असता. सर्बिया हातात राहिला असता, बुडापेस्ट वाचलं असतं. पण मी 'सर्बियातील सैन्य थांबेल' असं वाचलं असतं तर वकिलांना त्याच क्षणी कळलं असतं, आणि काळ्या समुद्राकाठी बाईंकडे तेव्हा एकही आरमार नव्हतं. त्यांचं असलेलं आरमार एजियन समुद्रात होतं. शरदानंतर हिवाळा येणार, सर्बियाच्या हिशेबाने एक नवी तुकडी मिळणार, ती हवी तिथे उभी करता येणार. तोवर रशिया गाफील हवा. चूक दिसेल असा हुकूम म्हणजे सहा महिन्यांची मुदत विकत घेणं. डिप्लोमसीत जाणूनबुजून चुकीचा हुकूम लिहिणं ही जुनी, मान्य चाल आहे. पट्टीचे खेळाडू ती डावात एकदाच वापरतात, कारण दुसऱ्यांदा कोणी विश्वास ठेवत नाही. बाई आयुष्यात पहिल्यांदा हा खेळ खेळत होत्या. ही चाल त्यांना कोणी शिकवली असेल, तर पस्तीस वर्षं गृहपाठ न केल्याची कारणं ऐकवणाऱ्या पोरांनी.

खुणा होत्या, आणि त्या चिठ्ठी न बघताही दिसत होत्या. बल्गेरियातलं तुर्की सैन्य त्या शरदात हललं नाही. ग्रीस शेजारी, एजियनमधलं आरमार पाठिंब्याला तयार, आणि तरी बाईंनी ग्रीसवर साधी धडकही मारली नाही. ज्याला ग्रीस हवा तो असा बसून राहत नाही. मग जेवणाआधी हिवाळ्याच्या चिठ्ठ्या उघडल्या, त्यात तुर्कस्तानचं नवं आरमार अंकाराला. स्मर्नाला उभं केलं असतं तर त्याचं तोंड भूमध्य समुद्राकडे. अंकाराचं तोंड काळ्या समुद्राकडे.

पुरी-भाजी वाढली जात असताना वकिलांनी विचारलं, "बाई, अंकाराला कशाला?"

"अरे, तिथून कॉन्स्टँटिनोपल, मग खाली एजियन. दोन आरमारं असली की बरं." शांतपणे पुरी मोडत.

काकांना मात्र संशय आला होता. त्यांनी वकिलांच्या कानाशी लागून सांगितलं, "चिठ्ठी मागून घ्या बघायला." आमच्याकडे तसा नियमच आहे, निकाल वाचल्यावर कोणीही कोणाचीही चिठ्ठी पाहू शकतो. चिठ्ठी माझ्यासमोर डब्याच्या झाकणाखाली पडलेली. वकील म्हणाले, "छे हो, बाईंची चिठ्ठी काय तपासायची? बरं दिसतं का ते?" काका पुटपुटले, "भीड भिकेची बहीण." आणि श्रीखंड घ्यायला निघून गेले.

मी तोंड मिटून होते, आणि ते बरोबर होतं की नाही यावर आमच्या घरात नंतर वाद झाला. भाच्याचं म्हणणं, निकाल देणारा म्हणजे यंत्र. माझंही मत तेच, पण तोंड मिटून श्रीखंड खाणं सोपं नसतं. समोरासमोरच्या खेळात अशा तिऱ्हाइतावाचूनही भागतं. टपालात मात्र भागत नाही. सात माणसं आठ तासांसाठी एका खोलीत जमवणं अमेरिकेतही अवघड, म्हणून १९६३ मध्ये ब्रुकलिनच्या जॉन बोर्डमन यांनी टपालाने डाव खेळवायला सुरुवात केली. 'ग्राउस्टार्क' नावाच्या त्यांच्या पत्रिकेत निकाल छापून यायचे. खेळाडू एकमेकांना पत्रं लिहून कारस्थानं करत आणि हुकूम पत्रानेच पाठवत. मग सगळ्यांचे हुकूम ज्याच्याकडे येतात आणि जो काहीच बोलत नाही असा एक माणूस लागायला लागला. एकेक डाव वर्षावर्ष चाले. टपालाच्या डावांना क्रमांक देण्याची पद्धत निघाली, तिलाही बोर्डमन यांचंच नाव. आणि खेळाचा जनक कॅलहॅमर पुढे इलिनॉयमधल्या आपल्याच गावात पोस्टमन म्हणून नोकरीला लागला. जगात त्याच्या खेळाची पत्रं फिरत होती आणि तो ला ग्रेंज पार्कच्या गल्ल्यांमधून लोकांची पत्रं वाटत होता. २०१३ मध्ये तो वारला.

टपालानंतर ई-मेल. १९८० च्या दशकाच्या अखेरीस हुकूम घेऊन आपोआप निकाल लावणारे प्रोग्राम आले, मग संकेतस्थळं. प्रोग्राम आले आणि हस्ताक्षर गेलं. यादीतून प्रदेश निवडायचा, बटण दाबायचं. खोडलेला शब्द कोणाला दिसतच नाही. म्हणूनच मी अजून कागद वाटते.

आणि मग यंत्र खेळायला बसलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये मेटा कंपनीच्या संशोधकांनी 'सायन्स' नियतकालिकात सिसेरो नावाचा आपला प्रोग्राम मांडला. बुद्धिबळात संगणक कधीच पुढे गेले होते, पण इथे माणसांशी बोलून त्यांना राजी करायचं होतं. सिसेरो ऑनलाइन ४० डाव खेळला, समोर ८२ माणसं, आणि एकाहून जास्त डाव खेळलेल्यांमध्ये तो वरच्या १० टक्क्यांत आला. तो बहुतांशी खरं बोलेल असं घडवल्याचं बनवणाऱ्यांचं म्हणणं होतं. नंतर दुसऱ्या संशोधकांनी त्याचे संवाद चाळले तेव्हा मोडलेले शब्द सापडले. त्यातला एक किस्सा मला बाईंमुळे फार आवडतो. मध्येच दहा मिनिटं यंत्रणा बंद पडली होती. परत आल्यावर कोणीतरी विचारलं, कुठे होतास? सिसेरोचं उत्तर होतं की तो मैत्रिणीशी फोनवर बोलतोय. चष्मा घरी राहिला, याचंच ते भावंड.

दोनला डाव पुन्हा सुरू झाला. १९०३ चा वसंत. वकिलांनी तोच हल्ला पुन्हा मांडला. बाईंना या वेळी त्यांनी कागदावर ठळक अक्षरात 'गॅलिशिया' लिहून दिलं, चष्मा नाही म्हणून. बाईंनी तो कागद आभार मानून घेतला.

मी तुर्कस्तानची चिठ्ठी उघडली. बल्गेरियातील सैन्य रुमानियावर. सर्बियातील सैन्याचा त्यास पाठिंबा. अंकारातील आरमार काळ्या समुद्रात. एजियनमधील आरमार ग्रीसमध्ये. एकही खाडाखोड नाही.

रुमानियातलं रशियन सैन्य एकाच्या ताकदीवर उभं होतं, दोनाने उडालं. त्याच्यासोबत त्याचा पाठिंबा गेला, आणि बुडापेस्टवरचा हल्ला पुन्हा आपटला. भाच्याने शब्द पाळून ग्रीस रिकामा केला होता. वर्ष संपलं तेव्हा बाई पाचाच्या सात झाल्या होत्या आणि रशिया सहाचा पाच. हॉलमध्ये एवढी शांतता झाली की खालच्या पंपाचा आवाज ऐकू आला. वकील हळूच म्हणाले, "बाई, चष्मा?"

"आता गरजच नाही रे पडली. अक्षर मोठं काढलं."

पुढचं लांबवत नाही. पुढच्या वर्षी सेव्हस्तोपोल पडलं. वकिलांनी इटलीला, जर्मनीला, अगदी भाच्यालाही गाठून पाहिलं, पण वाकलेल्या माणसाशी कोणी करार करत नाही. भाच्याला वाटलं आपण वाचलो. बाईंनी त्यालाही १९०५ मध्ये पटावरून काढलं, आणि काढताना "तू फार गुणी मुलगा आहेस" असं म्हणाल्या.

साडेसहाला हॉल सोडावा लागला, सातला भजनी मंडळ येणार होतं. १९०७ संपलं होतं. तुर्कस्तान ११, फ्रान्स ९, इंग्लंड ७, इटली ४, जर्मनी २, रशिया १. अठरा कोणाचेच नाहीत, त्यामुळे नियमाने विजेता नाही. मी टेबलं ओढत होते तेव्हा वकील आले आणि म्हणाले, "ती बुडापेस्टची चिठ्ठी आहे का अजून?"

मी डब्यातून काढून दिली. ट्यूबलाइटखाली धरून ते बराच वेळ बघत राहिले. खोडलेला शब्द, काकपद, वरची टपोरी अक्षरं. मग दाराशी छत्री उघडत उभ्या असलेल्या बाईंकडे वळले.

"बाई, आठवीत खाडाखोडीचा अर्धा मार्क कापायचात तुम्ही माझा."

"मग?" बाई म्हणाल्या. "काप की."